तयार कोकोपीट

"किती एकराला?" मी विचारलं.

"एकराला न्हाय. एका डब्याला."

कोऱ्हाळे बुद्रुकला आमची उसाच्या रोपांची नर्सरी. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरायचा, त्यात रोपं वाढवायची आणि गाडी भरून शेतकऱ्याला द्यायची, हे माझं काम. नुसतं कोकोपीट, तेही पिशवीभर, मागणारं गिऱ्हाईक पहिलंच. हा धम्मदीप. वालचंदनगरच्या कंपनीत ड्रॉइंग काढतो, गावात मावशीकडे आला होता. आणि डब्यात काय ठेवणार, तर कोळी! तळहाताएवढी, केसाळ टॅरेंटुला. परदेशी निघालेल्या मित्रानं याच्या गळ्यात घातलेली. नाव रंगुबाई.

"चावत न्हाय का?"

"डिवचलं तरच. तसं कोण न्हाय चावत?"

बाकी सगळी गिऱ्हाइकं मला ताई म्हणतात. हा म्हणाला नाही, ते माझ्या लक्षात आलं. मी सहसा कुणात गुंतत नाही. लक्षात आलं, एवढंच.

पुढच्या रविवारी तो डब्याचं ड्रॉइंगच घेऊन आला. लांबी-रुंदी ऐसपैस, उंची मात्र वीतभर.

"उंच केला तर हवा खेळंल की," मी म्हटलं.

"उंच केला की ती वर चढती. आन् पडली तर पोट फुटून मरती. हवेला बाजूनं भोकं पाडलीत." मग ड्रॉइंगच्या कोपऱ्यावर बोट ठेवून... "लपायला कायतरी पायजे. आडोसा असला की निवांत राहती."

मी फुटक्या माठाचं खापर शोधून दिलं. देताना बोटाला बोट लागलं. दोघांनीही खापराकडेच बघितलं.

"वालचंदनगरपासून हितवर वाटंत पाच नर्सऱ्या लागत्यात," मी म्हणाले.

"सहा," तो म्हणाला. "मोजल्यात."

आधी नेलेलं कोकोपीट पुरेना म्हणाला. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, साध्याऐवजी आमचं तयार कोकोपीट बांधून दिलं. चाळलेलं, भुसभुशीत, एकदम चांगल्यातलं. वर नंबर दिला, त्याचा घेतला आणि नावही सांगितलं, प्रियदर्शनी.

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला नाही. मी वाट बघत नव्हते. फाटकाकडे चार-पाच वेळा गेले, ते आपलं सहज.

दुपारी ट्रे भरताना कामावरच्या कुशाबाईनं विचारलं, "ताई, तयार ढिगात औषिद मिसळलंय न्हवं?"

हातातला ट्रे मी तसाच खाली ठेवला. रोपांना कीड लागू नये म्हणून तयार कोकोपीटमध्ये आम्ही कीटकनाशक मिसळतो. आणि तेच मी मोठ्या हौसेनं रंगुबाईच्या घरात घालायला दिलं होतं.

त्याचा फोन बंद. मी स्कूटी काढली ती तासाभरानं वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टर्सपाशीच थांबवली. तिथल्या एका बाईला पत्ता विचारला.

"कोळीवाल्याचं घर? त्ये शेवटचं. आमी न्हाय जात तिकडं."

दार उघडंच होतं. टेबलावर डबा, त्याच्यासमोर धम्मदीप डोळे लावून बसलेला. आत रंगुबाई उताणी पडलेली, पाय वर.

"माझ्यामुळं मेली," मी दारातूनच बोलायला लागले, थांबताच येईना. "त्या कोकोपीटात औषध व्हतं. चांगल्यातलं द्यावं म्हणून दिलं... तुमी मला आवडता म्हणून दिलं. ध्यानातच आलं न्हाय माझ्या—"

डोळे भरून आले. खरं सांगायचं तर कोळ्यासाठी नाही. आता हा कधीच कोऱ्हाळ्याला येणार नाही, याचं रडू होतं ते.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. मेली न्हाय. कात टाकतीय."

"काय?"

"कात टाकताना त्या उताण्याच पडत्यात. आठवडाभर काय खाईना, म्हणून नव्या डब्यात हलवलीच न्हाय." त्यानं खिडकीकडे बोट केलं. नवा डबा तिथं होता, माझं कोकोपीट भरलेला, पण आत कुणी नाही. "तिला आवाज नको म्हणून फोनबी बंद ठिवला."

मी ओढणीनं डोळे पुसले. लाज अशी वाटली की कधी एकदा निघते असं झालं.

"त्ये फेकून द्या. साधं पाठवते मी."

"औषधाचं कळलं," तो म्हणाला. "पण त्याच्याम्होरं जे बोलला... त्येबी चुकूनच काय?"

रंगुबाईचा एक पाय किंचित हलला. दोघंही तिकडेच बघत होतो, पण उत्तर मलाच द्यायचं होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "त्ये चुकून न्हाय."

त्यानं दुसरी खुर्ची आपल्या शेजारी ओढली, आवाज न करता, उचलून.

"बरं झालं, प्रियदर्शनी. मला बोलायला अजून धा रविवार लागलं असतं."

मी बसले.