हळद प्यायलेली गाडी

नियम तुम्ही लिहिलात. गाडीचं बॉनेट मालकानं उघडायचं नाही, त्याला शिक्का असेल आणि तो फक्त अधिकृत तंत्रज्ञच तोडेल, हे तुम्ही गार खोलीत बसून ठरवलंत. वाघदऱ्याचं पठार तुमच्यापैकी एकानं तरी पाहिलंय? नाही पाहिलेलं. पाहिलं असतं तर तिथून सगळ्यात जवळचा अधिकृत तंत्रज्ञ एकशे चाळीस किलोमीटरवर बसतो हे कळलं असतं, आणि बारा वर्षांच्या शर्वाणी जगदाळेवर जे गुदरलं ते गुदरलं नसतं. मुलांनो, गोष्ट तुमच्यासाठीच आहे. एवढा एक परिच्छेद त्यांच्यासाठी होता, आणि त्यांनी तो वाचलाच पाहिजे.

तर वाघदऱ्याचं पठार. पंचाऐंशी पवनचक्क्या, करडं गवत आणि कानाला कधी सुट्टी न देणारा वारा. पूर्वी इथं चाळीस घरं होती. मग पवनचक्क्यांची निगा राखायला यंत्रमानव आले आणि माणसं एकेक करून खाली उतरली. आता दोन घरं उरली होती, त्यातल्या एकाला कुलूप. दुसऱ्यात शर्वाणी आणि तिची आई रंजना. यंत्रमानवांनी केलेलं काम तपासायला एक माणूस लागतं, ते माणूस म्हणजे आई. ती सकाळी मनोऱ्यावर चढायची ती दिवेलागणीला घरी यायची. शर्वाणीची शाळा पडद्यावर. चौतीस चौकोनांत चौतीस चेहरे, आणि तास संपला की सगळे एकदम विझायचे.

तिच्या आठवड्याला खरा वार एकच होता, गुरुवार. त्या दिवशी आईची जुनी जीप घाट उतरून देवघळच्या बाजाराला जायची. उसाच्या मळीपासून काढलेल्या इंधनावर चालणारी, खोकत खोकत पळणारी जीप. देवघळला नझमा राहायची, शर्वाणीची एकुलती एक मैत्रीण. चार तास दोघी मिळून भटकायच्या, चिंचा खायच्या, भांडायच्या. पडद्यावरही बोलता आलं असतं, पण पडद्यावर टाळी देता येत नाही.

आणि आता नझमाच्या अब्बांची बदली अंदमानला झाली होती. येत्या गुरुवारी, दुपारी चारच्या गाडीनं ती कायमची जाणार होती.

कोडं पडलं ते त्याच्या आधीच्या गुरुवारी. परतताना घाटाच्या सातव्या वळणावर तापमानाचा काटा तांबड्यात गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. आईनं गाडी बाजूला घेऊन बंद केली. पाणी भरायचं झाकण तेवढं बाहेरून उघडता येतं, पण त्यालाही तिनं तासभर हात लावू दिला नाही. कुकरची शिट्टी न काढता कुणी झाकण उघडतं का, असं ती म्हणाली. गाडीतलं पाणीही कुकरसारखंच दाबाखाली असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो, पाणी एका क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं.

सगळं निवायची वाट बघत बसली असताना शर्वाणीनं पुढच्या जाळीतून बोट घातलं. तिथं रेडिएटर असतो (बारीक नळ्यांची जाळी, जिच्यात इंजिनातलं गरम पाणी वाऱ्यावर निवतं). चटका बसणार म्हणून तिनं आधीच तोंड वाकडं केलं होतं. चटका बसला नाही. जाळीचा खालचा भाग माठासारखा गार होता. आईनं तिचा हात मागं ओढला. आतला पंखा कधी फिरेल याचा नेम नसतो, असं म्हणून रागावली. पण कोडं तिथंच राहिलं. इंजिन उकळतंय, आणि त्याला गार करणारी जाळी तर छान गार आहे. मग बिघडलंय काय?

रडतखडत घरी पोचल्यावर आईनं तक्रार नोंदवली. उत्तर लगेच आलं: “आपली तक्रार मिळाली. तंत्रज्ञ एकेचाळीस दिवसांत येईल.”

आईची कामावरची छोटी गाडी घाटात चालत नव्हती. बस वर येणं कधीच बंद झालं होतं. शर्वाणीनं नझमा जायच्या गुरुवारपर्यंतचे मधले दिवस मोजले. सहा.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बासष्ट राहायचा. बासष्ट नंबरच्या पवनचक्कीवर काम करणारा यंत्रमानव. तीन वर्षांपूर्वी तो मनोऱ्यावरून पडला, हातपाय गेले, पण डोकं आणि आवाज शाबूत राहिला. त्याला भंगारात न्यायलाही कुणी वर आलं नाही. सोमवारी शाळा विझल्यावर शर्वाणी त्याच्यासमोर जाऊन बसली आणि गाडीचं सांगायला लागली.

“गाडीच्या दुरुस्तीविषयी बोलायला मला बंदी आहे,” बासष्ट म्हणाला. “तू विचारलंस तर मला ते वर कळवावं लागेल. नको विचारू.”

शर्वाणी गुडघ्यावर हनुवटी टेकून बसून राहिली. पत्रा वाऱ्यानं वाजत होता.

“आणि पवनचक्कीविषयी?” तिनं विचारलं.

“त्याविषयी तर कुणी विचारतच नाही गं,” बासष्ट म्हणाला, आणि बोलत सुटला.

पवनचक्कीच्या डोक्यात दातेरी चाकं एकमेकांवर घासतात आणि तापतात. त्यांच्याभोवती तेल फिरतं. पंप ते तेल बाहेरच्या जाळीत नेतो, जाळीला वारा लागतो, तेल निवतं आणि परत आत येतं. “लोकांना वाटतं आम्ही उष्णता मारून टाकतो,” तो म्हणाला. “उष्णता मरत नाही. ती फक्त जागा बदलते. तेल म्हणजे हमाल. चाकांपाशी ओझं उचलायचं, बाहेर वाऱ्यात टाकायचं, रिकाम्या डोक्यानं परत यायचं.”

“आणि हमाल वाटेत अडकला तर?”

“तर चाकं तापत जातात आणि बाहेरची जाळी गार पडते. गार जाळी बघून खूश होणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. गार असणं वेगळं आणि गार करणं वेगळं.”

कोड्याचं अर्धं उत्तर तिथं मिळालं. जाळी गार होती कारण उष्णता तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. हमाल कुठंतरी अडला होता. कुठं अडू शकतो, हे शर्वाणीनं पवनचक्कीच्या नावानं विचारून घेतलं. एक तर ढकलणारा पंप बंद असेल. नाहीतर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला आपोआप उघडणारी झडप, हमालाच्या वाटेवरचा दारवानच म्हणा) उघडत नसेल. नाहीतर जाळीच्या नळ्या तुंबल्या असतील.

रात्री जेवताना तिनं आईला सगळं सांगितलं. आई भाकरी मोडत हिशेब करत होती. शिक्का तोडला आणि नियमवाल्यांनी गाडी कायमची बंद केली, तर उद्या कुणाला ताप आला तरी खाली जायला काही उरणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी शर्वाणी उठली तर आई अंगणात होती. चार वर्षांतली पहिली रजा टाकून, मनोऱ्यावरची हत्यारांची पिशवी घेऊन. “मी ऐंशी मीटरवर लटकून दोन टनांच्या चाकाचे नट आवळते,” ती म्हणाली, “आणि माझ्या दारातलं हे झाकण मला उघडता येत नाही म्हणे.” तिनं पकडीनं शिक्क्याची तार तोडली. आवाज एवढासाच झाला.

आधी गार झालेल्या गाडीतलं पाणी त्यांनी बादलीत काढलं. पट्टा हातानं फिरवून आईनं पंप पाहिला. त्याची पाती शाबूत होती, फिरतही होती. मग तिनं दोन नट काढून थर्मोस्टॅट शर्वाणीच्या तळहातावर ठेवला, बाटलीच्या बुचाएवढा. शर्वाणीनं दुधाच्या पातेल्यात पाणी घेऊन तो त्यात दोऱ्यानं टांगला, गॅस लावला आणि आईच्या पिशवीतला थर्मामीटर पाण्यात धरला. सत्तर. पंचाहत्तर. काही नाही. ब्याऐंशीला झडप शिंपल्यासारखी हळूच उघडली. आत मेण असतं. तापल्यावर ते वितळतं, वितळल्यावर त्याला जास्त जागा लागते, म्हणून ते फुगून झडपेला ढकलतं. ना तार, ना वीज. नुसतं मेण. शर्वाणीनं गॅस बंद केला, झडप मिटली. पुन्हा लावला, पुन्हा उघडली. हे नझमाला दाखवायला हवं, असं तिच्या मनात आलं.

म्हणजे दारवान निर्दोष होता. उरली जाळी. आईनं जाळीच्या दोन्ही टोकांच्या रबरी नळ्या सोडवल्या आणि वरच्या तोंडातून तांब्यानं पाणी ओतलं. खालून धो धो यायला हवं होतं. आले चार थेंब, मग चिखलासारखं काहीतरी. पिवळं.

शर्वाणीनं बोटावर घेऊन वास घेतला आणि तिला सगळं कळलं.

गेल्या वर्षी गाडीतलं पाणी थोडं थोडं गळत होतं, तेव्हा आईनं झाकणातून चिमूटभर हळद टाकली होती. जुन्या ड्रायव्हर लोकांची ही युक्ती. हळद बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. शर्वाणीनं ते पाहिलं होतं. त्यानंतर दर गुरुवारी, आई आंघोळीला गेली की ती गुपचूप चमचाभर हळद टाकायची. जखमेला बरी होईपर्यंत हळद लावायचीच असते. अकरा महिने. सत्तेचाळीस चमचे.

तिनं खाली बघत सांगून टाकलं.

“पी हळद अन् हो गोरी,” आई म्हणाली. पण हसली नाही. “कशासाठी गं?”

“गुरुवार चुकू नये म्हणून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू वर असतेस.”

आईनं पाना खाली ठेवला. मग ती शर्वाणीशेजारी चाकाला टेकून जमिनीवर बसली.

दुपारी दोघी कामाला लागल्या. ज्या बाजूनं घाण आत आली त्याच बाजूला ती परत ढकलायची, हे बासष्टनं पवनचक्कीच्या नावानं सांगितलंच होतं. त्यांनी नळाची नळी जाळीच्या खालच्या तोंडाला लावली आणि उलटं पाणी सोडलं. पिवळे गोळे निघाले. त्यामागून पांढऱ्या कपच्या, बोअरच्या पाण्यातले क्षार, माठाच्या बुडाशी धरतात तसे. त्यासाठी स्वयंपाकघरातलं लिंबूफूल (लिंबाचं आंबट सत्त्व) गरम पाण्यात विरघळवून तासभर जाळीत भरून ठेवलं, मग पुन्हा धुतलं. संध्याकाळी वरून ओतलेला तांब्या खालून धो धो निघाला. मूळ गळती सापडली ती भलतीकडेच. खालच्या रबरी नळीचं टोक चिरलं होतं. आईनं तेवढं टोक कापलं, नळी पुन्हा चढवली, पट्टी आवळली. सत्तेचाळीस चमचे हळद खऱ्या जखमेपर्यंत कधी पोचलीच नव्हती.

बुधवारी आईला कामावर जावंच लागलं. जाण्याआधी दोघींनी मिळून नवं पाणी भरलं. बोअरचं नाही, मनोऱ्यावरच्या बॅटऱ्यांसाठी येणारं शुद्ध पाणी, त्यात हिरवं शीतक (इंजिन गंजू न देणारं द्रव). गाडी सुरू केली. दहा मिनिटांत काटा पुन्हा वर. आईनं गाडी बंद केली, घड्याळ पाहिलं आणि निघून गेली.

शर्वाणी शेडमध्ये गेली. “तेल भरलेलं आहे, पंप चालू आहे, जाळी स्वच्छ आहे, दारवान नीट आहे,” ती म्हणाली. “तरी तेल फिरत नाही. का?”

“नवीन भरलंय का?”

“हो.”

“मग हवा. भरताना आत कोंडलेला बुडबुडा. पंपाला पाणी ढकलता येतं. म्हणजे तेल. तेल म्हणालो मी. हवा आली की तो नुसताच फिरतो. हवेशी भांडू नकोस. तिला वरच जायचं असतं, तिला वरची वाट दे.”

शर्वाणी अंगणात येऊन उभी राहिली आणि घरामागच्या चढाकडे बघत राहिली.

दिवस मावळता आई आली, तेव्हा पोरीनं चढावर चाकांसाठी दगड मांडून ठेवले होते. गाडीचं तोंड चढाकडे, म्हणजे पाणी भरायचं तोंड सगळ्यात उंच. इंजिन गार होतं, म्हणून पाण्याचं झाकण काढून आईनं गाडी सुरू केली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, डुबुक. पाण्याची पातळी बोटभर खाली गेली. त्यांनी पाणी ओतलं. डुबुक. पुन्हा ओतलं. मग आवाज थांबले, झाकण घट्ट बसवलं. काटा मध्यावर येऊन थांबला तो हललाच नाही. आईनं गाडी बंद करून खालच्या नळीला हात लावला, मग शर्वाणीचा हात धरून तिथं ठेवला. नळी गरम होती. हमाल तिथवर पोचला होता.

गुरुवारी सव्वादोनला त्या देवघळला होत्या. घाटाच्या पायथ्याच्या तपासणी खांबानं तुटलेला शिक्का टिपला आणि लाल दिवा लावला. दोघींनी तो पाहिला. नझमानं आधी शर्वाणीची पिवळी नखं पाहिली आणि विचारलं, “कुणाची हळद होती?”

“गाडीची,” शर्वाणी म्हणाली.

पावणेदोन तास होते. त्यात तिनं मेणाच्या झडपेचं सांगितलं, हमालाचं सांगितलं, निरोपाचं काही सांगितलं नाही. चार वाजता खिडकीतून हात बाहेर आला, टाळी झाली, गाडी गेली.

बाजारातून निघताना एक भाजीवाली बाई आपल्या टेंपोजवळून त्यांच्या जीपकडे आली. तुटलेल्या तारेकडे बघत तिनं हळूच विचारलं, “हे उघडलं कुणी? माझाबी काटा वर जातोय, पोरी.” शर्वाणीनं टेंपोच्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाली, की पुढच्या गुरुवारी येते. तिला वाटलं होतं, पुढचा गुरुवार आता येणारच नाही.

शनिवारी, नियम लिहिणाऱ्यांनो, तुमची नोटीस आली. शिक्का का तोडला याचा खुलासा करा, नाहीतर गाडी कायमची बंद करू. खुलासा आईनं नाही लिहिला, शर्वाणीनं लिहिला. तो असा:

“गाडीतलं पाणी उष्णता उचलतं आणि वाऱ्यात टाकतं. आमच्या गाडीत ते अडलं होतं, ते मी आणि आईनं मोकळं केलं. चूक माझ्या हळदीची होती, ती मी कबूल करते. पण गाडीत काय अडलंय हे बघायचं नाही, असा नियम असल्यामुळे ती चूक मला अकरा महिने दिसली नाही. आता मला विचारायचं आहे. पाणी कुठून कुठं जातं हे माहीत असणं हा गुन्हा आहे का? असेल तर कुणाचं नुकसान झालं, त्याचं नाव लिहा. नसेल तर शिक्का कशासाठी आहे, ते लिहा. मी दर गुरुवारी देवघळच्या बाजारात टेंपो दुरुस्त करताना सापडेन. उत्तर द्या. एकेचाळीस दिवसांच्या आत.”