लंबूच्या खणातला जुना पत्ता

सारस पक्ष्याच्या पिल्लाचे मासे साळिंदराच्या पिंजऱ्यात कसे गेले, हे त्या सकाळी कोणालाच कळत नव्हतं. साळिंदरालाही नाही. ते माशांकडे पाठ फिरवून काटे फुलवून बसलं होतं, आणि इकडे पिल्लासमोर गाजराच्या फोडी पडल्या होत्या.

गोंदियाजवळच्या एका तलावाकाठी जखमी प्राण्यांचं केंद्र आहे. तिथला यंत्रमानव लंबू सगळ्यांना खाऊ घालतो. त्याचा मेंदू माझ्या आबाजींनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तयार केला आहे. सुट्टीत मी त्यांच्याकडेच असते. मी यामिनी, सातवीत आहे, आणि मला न समजलेली गोष्ट समजल्यासारखी मान डोलावता येत नाही. आबाजींना त्याचा फार त्रास होतो.

सारसाचं पिल्लू अनाथ होतं. ते मोठं झाल्यावर रानात सोडायचं, तर त्याला माणसांची सवय लागता कामा नये. माणसाला आपलं समजणारा पक्षी रानात टिकत नाही. म्हणून लंबू सारसाचं लाल डोकं आणि लांब मान चढवून त्याला भरवायचा. आम्ही हिरव्या कापडामागे बसायचो. बोलणं बंद, शिंक आली तरी नाक दाबून धरायचं. मी त्या पिल्लावर जीव टाकत होते आणि मी आहे हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं.

केंद्राच्या डॉक्टर बिसेन मॅडम आल्या. गाजरं बघून त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली.

"आज गाजर दिलं. उद्या साळिंदराचं औषध पिल्लाच्या पोटात गेलं तर?" त्या आबाजींना म्हणाल्या. "संध्याकाळी शहरातल्या प्राणिसंग्रहालयाची गाडी येऊन राहिली आहे. तोपर्यंत लंबू सुधारला तर ठीक, नाही तर पिल्लू तिकडे जाईल."

तिकडे म्हणजे जाळीच्या आत, माणसांच्या गर्दीसमोर, जन्मभर.

आबाजींनी लंबूला रिकाम्या पिंजऱ्यांपुढे पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. एकदाही चुकला नाही. पिल्लाजवळ नेला, तर पहिल्याच फेरीत चुकला. मग आबाजींनी त्याच्या प्रोग्राममध्ये एक जादा ओळ घातली, 'काय करतोस ते लिहून दाखव'. झालं, लंबू शहाण्यासारखा वागायला लागला. ती ओळ काढली की पुन्हा मासे साळिंदराला. चोर पोलिसाला पाहून सज्जन होतो, तसलाच प्रकार. आबाजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

मी मात्र एक गोष्ट पाहिली होती. पिल्लू चीं चीं करत होतं तेव्हाच लंबू चुकला होता. गप्प असताना नाही. मी तसं सांगितलं तशी आबाजींनी मला जवळ बसवून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते असं. लंबूच्या स्मृतीत प्रत्येक प्राण्याची माहिती एकेका जागी ठेवलेली असते. ती जागा सांगणारा पत्ता म्हणजे पॉइंटर (माहिती नव्हे, फक्त ती कुठे आहे तो आकडा). काम करताना लंबू हा पत्ता रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतली अगदी छोटी, झटपट हाताशी येणारी जागा) धरतो. रजिस्टरं थोडीच असतात. कोणत्या रजिस्टरमध्ये काय धरायचं हे कंपायलर (माणसानं लिहिलेल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरवणारा, आबाजींनीच बनवलेला प्रोग्राम) आधीच ठरवून देतो. पिल्लू ओरडलं की तो आवाज ओळखण्यासाठी आणखी आकडे धरावे लागतात. रजिस्टरं भरतात. मग हातातला पत्ता थोडा वेळ स्मृतीतल्या एका खणात ठेवायचा आणि नंतर परत घ्यायचा.

"मग परत घेतला की झालं न. चूक कुठे झाली?" मी विचारलं.

मधूनमधून स्मृतीची सफाई होते, असं ते म्हणाले. नको ती माहिती टाकायची, उरलेली सरकवून एकत्र करायची. माहिती सरकली की पत्ते बदलतात, म्हणून सफाई करणारा सगळे जुने पत्ते दुरुस्त करतो. पण पत्ता आणि साधा आकडा दिसायला सारखेच. पत्ते कुठे कुठे आहेत, याचा नकाशा कंपायलरनं त्याला द्यावा लागतो.

माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. मी तसं सांगून टाकलं.

आबाजींनी कपाळाला हात लावला, आणि मग ते एकदम हसले. त्यांनी गेल्या वर्षीच्या मंडईतल्या नाटकाची आठवण काढली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. जागा धरायला घरोघरची माणसं सतरंज्या टाकून ठेवतात. आमची सतरंजी तिसऱ्या खांबाजवळ होती आणि ती जागा फक्त मामीला ठाऊक होती. तिचं बाळ रडायला लागलं, म्हणून तिनं जागा मला सांगितली, 'लक्षात ठेव' म्हणाली आणि गेली. मी भजी आणायला गेले. तेवढ्यात नाटक मंडळाच्या पोरांनी मधली रिकामी जागा भरायला सगळ्या सतरंज्या पुढे सरकवल्या आणि प्रत्येक घरच्या माणसाला नवी जागा सांगत फिरले. आमच्या घरची म्हणून त्यांनी मामीला गाठून सांगितलं. मला कोणी सांगितलंच नाही. मी तिसऱ्या खांबाजवळ जाऊन एका परक्या कुटुंबात ऐसपैस बसले आणि त्यांचा चिवडा अर्धा संपवला.

"म्हणजे मी खण," मी म्हणाले. "मामी रजिस्टर. आणि पोरांच्या नकाशात मामीचंच नाव होतं."

"आणि आपल्या जुन्या जागेवर आता साळिंदर बसलं आहे," आबाजी म्हणाले. पिल्लाची माहिती सरकली होती आणि तिच्या जुन्या पत्त्यावर साळिंदराची आली होती, म्हणून मासे तिकडे गेले; गाजरांच्या वेळी तसंच उलट झालं होतं.

जादा ओळ घातली की चूक का पळून जायची, तेही आता उमगलं. त्या ओळीमुळे कंपायलर रजिस्टरांची वाटणी नव्यानं करायचा, आणि खणात पत्त्याऐवजी दुसरंच काही जायचं. म्हणून लंबूला न छेडता त्याच्या सूचना वाचायच्या ठरल्या. आबाजी एकेक सूचना वाचायचे, मी पत्ता आता कुठे आहे ते सांगायचे, आणि ते नकाशाशी ताडून बघायचे. पत्ता तिसऱ्या रजिस्टरमध्ये. अजून तिथेच. अजून तिथेच. माझे दोनदा घोटाळे झाले, आबाजींचा एकदा झाला आणि तो त्यांनी मान्य केला नाही. ऊन उतरायला लागलं होतं.

"आता खणात," मी म्हणाले.

आबाजी थांबले. नकाशा अजून तिसरं रजिस्टरच दाखवत होता. पत्ता खणात हलवताना नकाशात नोंद करायची, हेच त्यांच्या कंपायलरमध्ये राहून गेलं होतं. "माझीच चूक, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी दुरुस्ती सुरू केली.

गाडी फाटकाशी आली तेव्हा आम्ही कापडामागे होतो. बिसेन मॅडमही होत्या. पिल्लू ओरडायला लागलं आणि आबाजींनी मुद्दाम त्याच क्षणी सफाई सुरू केली. लंबू मध्येच थबकला. मग त्याची लांब मान वळली, तो पिल्लापाशी गेला आणि वाकून त्यानं मासा पुढे केला. मॅडमनी अशा कितीतरी फेऱ्या करून घेतल्या आणि अंधार पडायच्या आत गाडी रिकामी परत पाठवली. आबाजींनी ती दुरुस्ती त्यांचा कंपायलर वापरणाऱ्या सगळ्यांना कळवली. कुठे कुठे काय काय चुकीच्या पिंजऱ्यात जात असेल, कोण जाणे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही धानाच्या बांधावरून चाललो होतो. तलावाच्या कडेला तीन सारस चरत होते. त्यातल्या एकाच्या पायात केंद्राची निळी कडी होती, म्हणजे ते आमचं रानात सोडलेलं पिल्लू. मी नकळत दोन पावलं पुढे टाकली. त्यानं मान उंच केली, माझ्याकडे नीट पाहिलं, कर्कश ओरडलं आणि पंख पसरून पाण्यावरून दूर निघून गेलं.

मला रडू आलं आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम कसं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"घाबरलं न तुला?" आबाजींनी विचारलं.

मी मान डोलावली.

"मग जमलं आपल्याला," ते म्हणाले.