काकूंच्या अंड्यांवरची तारीख

"चार वाजता टेम्पो येणार म्हणजे येणार!" काकांनी खुराड्याचं दार धाडकन लावलं. "आता रडारड नको."

"सगळ्या कोंबड्या विकणार?" बटाट्याने विचारलं.

"सगळ्या. पाऊणशेच्या पाऊणशे. अंडी कोणी घेत नाही, मग यांना रोज दाणे कुठून घालू मी?"

बटाट्या हा काकांचा मुलगा, वय वर्षं अकरा. पाऊणशे कोंबड्यांपैकी निम्म्यांची नावं त्याने स्वतः ठेवली होती. सुट्टीत त्याच्याकडे राहायला आलेली त्याची चुलत भावंडं, ठिणगी आणि प्रोफेसर, गप्प उभी होती. ठिणगी गप्प बसणं म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं!

गेले पंधरा दिवस काकूंची अंडी नासत होती. बाजारातल्या दुकानवाल्या मावशींकडे गिऱ्हाइकं नाक धरून भांडायला येत. बोभाटा असा झाला की बाकीच्या दुकानांनीही काकूंना दार दाखवलं. आज सकाळी तर मावशींनी अख्खा ट्रे परत पाठवला होता. काकू त्या ट्रेसमोर ओट्याला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

"मी ताजीच दिली होती रे," त्या एवढंच म्हणाल्या. "सोमवारची होती. एकेक हाताळून दिली."

प्रोफेसरने चष्मा वर सरकवला आणि ट्रेवर वाकला. "काकू, तुम्ही प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने वार आणि तारीख घालता ना?"

"आजवर एकही सुटलं नाही."

"मग यांच्यावर एकही तारीख का नाही?"

ठिणगी ताडकन उसळली. "बदलली! मावशींनी आपली अंडी बदलली! आपली चांगली ठेवून घेतली आणि कुठली तरी कुजकी परत पाठवली!"

दोन वाजले होते. ट्रे कॅरिअरला बांधून तिघांनी सायकली हाणल्या. दुकानाशी पोचल्यावर प्रोफेसर सायकली धरून कोपऱ्यावर थांबला आणि बाकीचे दोघे आत घुसले. आत चांगली गर्दी होती.

"ही आमची अंडी नाहीत!" ठिणगीने ट्रे काउंटरवर ठेवला. "तुम्ही बदललीत!"

"काय गं ए कार्टे, मला चोर म्हणतेस?" मावशी लालबुंद झाल्या. त्यांनी ट्रेतलं एक अंडं उचलून बटाट्याच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. असलं ठिपक्यांचं अंडं पोल्ट्री कंपनी देते का? बोल ना!"

अंड्याच्या जाड टोकाला तपकिरी ठिपके होते. बटाट्याने ते लगेच ओळखलं. अशी अंडी जगात एकच कोंबडी देत होती आणि ती त्याची लाडकी चिंगी होती.

"आमचंच आहे," तो पुटपुटला.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? चला, निघा इथून!"

बाहेर आल्यावर बटाट्या पायरीवरच बसला आणि रडायला लागला. अगदी मोठ्यांदा, लाज सोडून. "आपलीच आहेत! आपलीच नासतात! बाबा बरोबर बोलत होते!"

ठिणगी त्याच्याशेजारी बसली. आपल्या आगाऊ तोंडाने सगळं आणखी बिघडवलं हे तिला कळत होतं. अडीच वाजून गेले होते.

"रडणं थांबव आणि मला एक सांग," प्रोफेसर हळूच म्हणाला. "अंडी आपलीच, तर मग तारखा गेल्या कुठे?"

बटाट्याने नाक पुसलं. "म्हणजे इथेच पुसल्या गेल्या!" तो म्हणाला आणि तिघांनी दुकानाच्या मागच्या बाजूला धाव घेतली.

मागे कंबरभर उंचीची भिंत होती. ठिणगीने पलीकडे उडी मारली. नळाखाली एक मोठं घमेलं गढूळ पाण्याने भरलेलं होतं आणि काठावर भांड्यांची घासणी होती. तिने पाण्यात हात घातला. तळाशी विसरलेलं एक अंडं हाताला लागलं. त्यावरची तारीख अर्धी पुसलेली होती, पण "सोम" स्पष्ट वाचता येत होतं!

"धुतात!" ती ओरडली. "घासून धुतात!"

"अरे देवा!" बटाट्याने कपाळावर हात मारला. "अंड्याला वरून नैसर्गिक थर असतो. तो गेला की बाहेरची घाण आत शिरते. म्हणून तर आई अंडं कधी ओलं करत नाही! नुसतं कोरड्या फडक्याने पुसते!"

"पण मावशी कबूल करतील?" ठिणगीने विचारलं.

"तुम्हाला करणार नाहीत," प्रोफेसर म्हणाला. "मला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. बटाट्या, काकू दर खेपेतली दोन अंडी घरी ठेवतात ना? सोमवारचं एक घेऊन ये. पळ!"

बटाट्याने आयुष्यात इतक्या जोरात सायकल कधी मारली नव्हती. घरी पोचला तेव्हा काका जाळीच्या पिंजऱ्यांत कोंबड्या भरत होते. चिंगी आधीच आत होती. त्याने तिकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर पाय हलले नसते. सोमवारची दोन्ही अंडी रुमालात गुंडाळून तो निघाला आणि फाटकाच्या खड्ड्यात आदळला! एक फुटलं. दुसरं त्याने शर्टाच्या आत पोटाशी धरलं आणि एका हाताने सायकल हाकली.

पावणेचार वाजता प्रोफेसर शहाण्या मुलासारखा काउंटरशी उभा राहिला. फळीवर काकूंच्या सोमवारच्याच खेपेतला, परत पाठवायचा राहिलेला शेवटचा ट्रे होता.

"मावशी, ही अंडी किती चमकतात हो! आमच्याकडे अशी कुठेच मिळत नाहीत. कशी काय?"

मावशी खुलल्या. "मेहनत लागते बाळा! फळीवर शेजारी ठेवलेली कंपनीची अंडी कशी पांढरीशुभ्र दिसतात, त्यांच्यापुढे ही कळकट वाटतात. म्हणून मी रात्रभर पाण्यात भिजवते आणि सकाळी घासणीने घासते. पंधरा दिवस झाले, एक खेप चुकवली नाही!"

दुकानात सगळ्यांनी ऐकलं. त्याच क्षणी ठिणगी आणि घामाघूम बटाट्या आत आले. बटाट्याने दोन बशा मागून घेतल्या. घरचं अंडं एका बशीत फोडलं. बलक पिवळाधमक आणि गोल गरगरीत उभा राहिला. मग फळीवरचं अंडं दुसऱ्या बशीत फोडलं आणि गिऱ्हाइकं नाक धरून मागे सरकली.

"दोन्ही सोमवारचीच, मावशी," बटाट्या म्हणाला. "एक आईने ठेवलं आणि एक तुम्ही धुतलंत. आणि आमच्या कोंबड्या आता चार वाजता चालल्या!"

मावशींचा चेहरा उतरला. मग दुकानात गिऱ्हाइकं तशीच सोडून त्यांनी स्कूटर काढली, बटाट्याला मागे बसवलं आणि म्हणाल्या, "घट्ट धर!"

टेम्पो सुरू झाला होता. मावशींनी स्कूटर थेट त्याच्यासमोर आडवी घातली. ड्रायव्हर ओरडला, काका धावत आले. मावशी कोणाकडेही न बघता काकूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अंडी मी नासवली," त्या म्हणाल्या. "धुऊन धुऊन. कंपनीची अंडी कुठून येतात ते मला ठाऊक नाही, त्यांना विचारायची सोयच नाही. तुमचं घर तर दुकानापासून सायकलने वीस मिनिटांवर. तुमच्या हातची अंडी आहेत म्हणून लोक माझ्याकडे यायचे आणि ती का नासतात ते मी एकदाही येऊन विचारलं नाही हो!"

काकू टेम्पोकडे वळल्या. त्यांनी सरळ टेम्पोचा मागचा फाळका उघडला.

"काय करतेस?" काका म्हणाले.

"उतरवते. उभे काय राहिलात? हात लावा!"

काकांनी पहिला पिंजरा उचलला आणि मावशींनी दुसरा. कोंबडीने त्यांच्या बोटावर चोच मारली, पण त्यांनी पिंजरा सोडला नाही.

"उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगणार," त्या म्हणाल्या, "चूक कोणाची होती ते."

तेवढ्यात ठिणगी आणि प्रोफेसरही सायकली हाणत पोचले. काकांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "मी हार मानली होती पोरांनो," ते म्हणाले. "तुम्ही मानली नाहीत. माझ्यापेक्षा तुम्ही शहाणे निघालात."

शेवटचा पिंजरा उघडला तेव्हा चिंगी तरातरा बाहेर आली आणि कोणाकडे ढुंकूनही न बघता माती उकरायला लागली. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि सकाळपासूनचा पहिला चहा ठेवायला त्या आत गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "मावशी, तुम्हीही या. अंडं कसं पुसायचं ते दाखवते."