न बांधलेल्या खोलीची सावली

शहाद्याच्या जुन्या वस्तीत कोणालाही विचारा, "बिबड्यावाल्या मंगलाबाई कुठं राहतात?" तो हात करून गल्ली दाखवेल. ज्वारीचा भरडा तिखट, तीळ, लसूण घालून शिजवायचा आणि तो गरम घाटा अंगणात अंथरलेल्या पांढऱ्या धोतरांवर ओल्या हातानं थापायचा, हे बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, काम बाई बत्तीस वर्षं करत होत्या. होळी झाली की नंदुरबारपासून सुरतेपर्यंतचे फोन सुरू होत, "मावशी, आमच्या दोनशे धरा." बिबडीचं सगळं मात्र उन्हावर. पहिल्या दिवशी कडक ऊन मिळालं नाही तर ती आंबते, आणि आंबलेली बिबडी मंगलाबाईंनी आजवर कोणाच्या पिशवीत घातली नव्हती.

म्हणून पश्चिमेकडच्या घरातल्या रतिलालभाऊंनी आपल्या धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, खोली चढवून ती भाड्यानं द्यायचं काढलं, तेव्हा बाईंचं डोकंच फिरलं. ती खोली उभी राहिली की दुपारी दोननंतर अंगण गेलंच समजा.

"ऊन काय तुम्हना नाववर शे का वहिनी?" रतिलालभाऊ भिंतीपलीकडून हसत म्हणाले.

"शे! बत्तीस वरीस व्हयनात, मन्हंच शे."

रतिलालभाऊ तसे भले गृहस्थ. पण हौस मोठी. सोमवारी सकाळी त्यांनी नकाशा जोडून नगरपालिकेत अर्ज दिला आणि येताना पेढेही आणले. बाईंनी पेढा घेतला नाही.

त्याच दुपारी दोनच्या सुमारास धोतरावर एक काळी रेघ आली. ढग आला असेल म्हणून बाईंनी वर पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता, आभाळ तापून पांढरं पडलं होतं. रतिलालभाऊंच्या धाब्यावर पाण्याची काळी टाकी होती आणि बाकी सगळं मोकळं. टाकीची सावली टाकीएवढी भिंतीशी पडली होती. तिच्या शेजारून मात्र एक रुंद, सरळ कडांची सावली अंगणात उतरली होती आणि इंचाइंचानं पुढे सरकत होती. संध्याकाळी बाईंनी हात लावून पाहिलं. उन्हातल्या बिबड्या कडक झाल्या होत्या, सावलीतल्या अजून ओल्या होत्या, आणि त्यांच्याखालचं धोतर गार लागत होतं.

मंगलाबाईंचे यजमान राजेंद्रभाऊ साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, भांडणाला भिणारे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सावली पाहून चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"झाडनी व्हई," ते म्हणाले.

"कोनतं झाड?"

त्या बाजूला झाड नव्हतंच.

बाईंनी रतिलालभाऊंनाच अंगणात बोलावून उभं केलं. त्यांनी खाली पाहिलं, आपल्या धाब्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. तोंडावरचं हसू उतरलं.

"वहिनी, आजून एक ईट बी लायेल नही शे मी. देवनी आन."

"मंग हाई काय शे?"

ते तडक घरी निघून गेले. पुढे ठेवलेला चहा तसाच राहिला.

बुधवारी सावली जास्त स्पष्ट झाली. चारच्या सुमारास तिच्या मधोमध उन्हाचा एक चौकोन पडला. खोलीला समोरासमोर खिडक्या असल्या आणि ऊन आरपार आलं तर पडतो तसा. बाई त्याच्याकडे बघत असतानाच चौकोनात एक डोकं आलं. कोणी खिडकीशी येऊन वाकून बघावं तसं ते थांबलं आणि बाजूला झालं. बाई दोन पावलं मागे सरल्या. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. माझ्या अंगणात, माझ्या बिबड्यांवर, आणि वर डोकावून बघता?

"माय व माय! बिर्‍हाड बी ऱ्हावाले उनं!" खोली नाही तोवर भाडेकरू आले, म्हणून तणतणत त्या कागद घ्यायला आत गेल्या.

हरकतीचा अर्ज त्यांनी शाळेत शिकलेल्या मराठीत, स्वतःच्या हातानं लिहिला. 'सदर बांधकामामुळे माझ्या अंगणातील ऊन अडत आहे.' नगरपालिकेतला कारकून म्हणाला, "बाई, बांधकाम झालंच कुठंय अजून?" बाई म्हणाल्या, "तेच तर बघायला साहेबांना पाठवा."

साहेब आले. दलसिंग वळवी त्यांचं नाव, धडगावकडचे, कमी बोलणारे, कामाला चोख. आधी धाब्यावर जाऊन आले. मग अंगणात उभे राहिले. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यांनी टेप काढली आणि काही न बोलता सावली मोजली. मग पिशवीतून रतिलालभाऊंचा नकाशा काढला. लांबी, रुंदी, खिडकीची जागा, सगळं त्यांनी बोट ठेवून तपासलं, ते जुळत होतं. मोजत असताना चौकोनातून कोणीतरी इकडून तिकडे गेलं. दलसिंग साहेबांनी टेप उचलून घेतली.

"आता काय लिहिणार साहेब?" बाईंनी विचारलं.

"वर काही नाही, असं लिहितो." त्यांनी टेप पिशवीत टाकली. "खाली ऊन कमी आहे, असं लिहितो."

पंधरा दिवसांनी निकाल लागला. शेजारच्या भिंतीपासून सोडायची जागा पुरेशी नाही म्हणून परवानगी नाकारली. रतिलालभाऊंनीच येऊन हात जोडले. "माले बी नको ती खोली, वहिनी. सुटनू मी." खरंच सुटल्यासारखे दिसत होते.

सावली मात्र गेली नाही. दोनला आली, चारला चौकोन पडला. आता त्यात दोरीवर वाळत घातलेले कपडेही हलत होते. बाईंच्या चार सुपं बिबड्या आंबल्या. त्या त्यांनी म्हशीला घातल्या आणि सुरतेच्या बाईला फोन करून सांगितलं, यंदा उशीर होईल. बत्तीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. फोन ठेवल्यावर त्या रडल्या. मग तोंड धुतलं, पदर खोचला, आदेशाचा कागद घेतला आणि रतिलालभाऊंच्या जिन्यानं तरातरा धाब्यावर चढल्या.

"आवं, कोठे चालनी?" राजेंद्रभाऊ अंगणातून ओरडले.

"हुकूम वाची दावस त्यासले! त्यासले कोनी सांगंच नही!"

जिथं खोली व्हायची होती तिथं त्या जाऊन उभ्या राहिल्या. चार वाजत आले होते तरी एप्रिलचं ऊन भाजत होतं. अनवाणी पायांना स्लॅब मात्र गार लागला. आसपास कुठंतरी कांद्याची फोडणी बसल्याचा वास आला. बाईंनी घसा खाकरला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"सदर मजल्यास परवानगी नाकारण्यात येत आहे!"

खालून राजेंद्रभाऊंचा आवाज आला. बारीक, चिरका.

"मंगला, तू चौकोनमा दिखी ऱ्हायनी."

"दिखू दे!"

"तुन्हा बाजूले बी कोनी उभं शे."

बाईंनी मान वळवली नाही. कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि पुढची ओळ वाचली. कानाशी कोणीतरी श्वास घेत होतं, ऐकून घेतल्यासारखा.

खालच्या सहीपर्यंत सगळं वाचून त्या उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी दोन वाजले, अडीच वाजले, चार वाजले. अंगणात कडेपर्यंत लख्ख ऊन होतं. बिबड्या धोतरावरून कडाकडा सुटल्या. बाईंनी गल्लीभर बिबड्या वाटल्या, रतिलालभाऊंकडे सगळ्यात आधी. त्या रात्री राजेंद्रभाऊंना बाईंचं गुणगुणणं ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेचा शिपाई नाकारलेल्या परवानगीविरुद्धच्या अपिलाची नोटीस देऊन गेला. बाईंना वाटलं रतिलालभाऊ पलटले. त्यांनी भिंतीवरून हाक मारून खडसावलं. रतिलालभाऊंनी पोरांची शपथ घेतली, मी कुठंच सही केलेली नाही. बाईंनी दलसिंग साहेबांना फोन लावला. त्यांनी आवक वही मागवून पाहिली. मग म्हणाले, "शिक्का आमचाच आहे, बाई. आवकेला नोंदही आहे. अर्ज कोणी दिला ते टेबलावर कोणालाच आठवत नाही."

बाईंनी ओट्यावर बसून नोटीस वाचली. अपील करणाऱ्याच्या जागी नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'भाडेकरू, वरचा मजला.' खाली तक्रार होती. 'शेजारीण तीन दिवस न विचारता आमच्या खोलीत येऊन उभी राहिली. तिच्यामुळे आमच्या खिडकीतलं ऊन अडलं.'

"येवू दे," बाई म्हणाल्या. "मी बी बोलसू. काय करतीन?" आणि त्यांनी कागद राजेंद्रभाऊंच्या हातात दिला, तारीख बघायला.

राजेंद्रभाऊंनी चष्मा लावला. तारीख उद्याची होती, वेळ दुपारी चारची. त्याखाली एक ओळ होती, ती त्यांनी हळू आवाजात वाचली.

"सुनावणी सदर खोलीतच घेण्यात येईल. दोन्ही पक्षांनी समक्ष हजर राहावे."