बाजूचं दार

कढईतलं तेल निवायला अजून तासभर तरी लागेल. तोवर बसा, पोरांनो. चर्चच्या जेवणासाठी मासे तळून तळून पाय माझे गेलेत, आणि तेल गरम ठेवून घरी निघालो तर उद्या फादर मलाच तळून काढतील. कॉलीन, ते दार लावून घे. अगं पुढचं नको, पुढचं दार या गावात शवपेटी निघाली तरच उघडतं. बाजूचं लाव.

मघाशी तुमची काहीतरी कुजबुज चालली होती, ऐकली मी. लेस्टरकाका रात्री बाजूच्या दाराला आतून खुर्ची का लावतो म्हणे. काकाचं वय झालं, चोरांना घाबरतो. चोरांना काय घाबरायचंय? माझ्या घरात चोरण्यासारखं आहे तरी काय? खुर्ची बाहेरच्यासाठी नाही. आतल्यासाठी आहे.

ड्वेन व्राबेल तुम्ही पाहिला नसेल. पोलाद गिरणीत माझ्याच पाळीला होता. गिरणी बंद पडली, मग त्याच्या बायकोच्या, नोरीनच्या, पाठीचं ऑपरेशन निघालं, हप्ते थकले आणि एकवीस वर्षं राहिलेलं घर बँकेने घेतलं. यात नवल काहीच नाही, आपल्या एका गल्लीत अशी चार घरं दाखवतो. दोघं हायवेवरच्या मोटेलात राहायला गेली. आठवड्याच्या भाड्याची एक खोली, एक पलंग, आणि खिडकीबाहेर रात्रभर ट्रक.

नोरीनने तक्रारीचा शब्द काढला नाही. पण तिचे पाय काही त्या खोलीत राहायला आले नव्हते. ड्वेनला पहाटेची पाळी असायची तेव्हापासून, त्याची झोप मोडू नये म्हणून, रात्री उठली तरी ती दिवा लावत नसे. अर्धवट झोपेतच चालायची. पलंगापासून अकरा पावलं, मग डावीकडे, की बाथरूम. एकवीस वर्षं हेच. मोटेलात सहाव्या पावलाला भिंत होती. रोज रात्री धाडकन आवाज यायचा आणि सकाळी कपाळावर टेंगूळ.

"अगं, दिवा लाव ना," ड्वेन म्हणायचा.

"डोक्याला कळलंय रे. पायांना कळत नाही त्याला मी काय करू?"

तो हसायचा. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचा. हे त्याने मला स्वतः सांगितलंय. त्याला एकच ध्यास लागला होता, हिवाळा सरायच्या आत नोरीनला पुन्हा घरात न्यायचं. भाड्याचं का असेना, पण घर. कर्बी स्ट्रीटवर एक छोटंसं मिळत होतं. मालक म्हणाला, जानेवारीच्या सतरा तारखेला अनामत आण, नाहीतर दुसरा तयार आहे.

ड्वेनला काम मीच लावून दिलं होतं. ते पाप माझं. बँकेने घेतलेली घरं बघून यायची, आत कुणी राहतं का ते लिहून द्यायचं. कुणी राहत असेल तर हातावर चिल्लर मिळायची. घर रिकामं निघालं तर मात्र कुलूप बदलायचं, गॅस तोडायचा, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून नळातलं पाणी काढून हिवाळ्यासाठी घर बंद करायचं, हे सगळं काम त्याच माणसाला आणि त्याची मजुरी घसघशीत. अशी पद्धत ज्याने काढली त्याला काय म्हणायचं ते चर्चच्या तळघरात बसून मी म्हणणार नाही.

रिकामं आहे हे ठरवायचीही एक रीत होती. दार आणि चौकट मिळून एक निळी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर पेनाने तारीख आणि वार टाकायचा. तीन दिवसांनी जायचं. पट्टी जागच्या जागी असेल तर दार उघडलेलं नाही, म्हणजे आत कुणी नाही.

आता मला सांगा, पट्टी कुठल्या दाराला लावायची?

हसू नका. तेरा जानेवारी, मंगळवार, दुपारी ड्वेन फुल्मर स्ट्रीटवरच्या एका घरापुढे उभा होता. कागदावर नाव होतं पावलिक. त्याने पुढचं दार दोनदा ठोठावलं आणि पट्टी लावली. पुढच्या दाराला. जन्मभर जो माणूस आईच्या घरात, सासूच्या घरात, स्वतःच्या घरात बाजूच्या दाराने गेला, त्याने पुढच्या दाराला पट्टी लावली. बाजूच्या दाराकडची वाट त्याला दिसत होती. बर्फ झाडून, पाय घसरू नये म्हणून मीठ टाकलेलं होतं. पायपुसण्यावर बायकी बुटांची जोडी होती.

"दिसलं मला, लेस्टर," तो म्हणाला होता. "दिसलं, आणि मी पेनाचं टोपण काढलं."

शुक्रवारी, सोळा तारखेला, संध्याकाळी पावणेसातला तो हत्यारं घेऊन पुन्हा गेला. कडाक्याची थंडी, नाकातला ओलावासुद्धा गोठत होता. पट्टी जशीच्या तशी होती. त्याने ती ओढून काढली, चुरगळली आणि ट्रकमधल्या कॉफीच्या कपात टाकली. मग नोरीनला फोन लावला.

"उशीर होईल. एक घर बंद करायचंय."

"कर, आणि सरळ ये. सूप ठेवते."

"उद्या मालकाला पैसे देतोय. कर्बी स्ट्रीटचं नक्की समज."

तिने विचारलं, "त्याला बाजूचं दार आहे का रे?"

"आहे."

"मग ते घर आहे."

त्याने पुढचं कुलूप फोडलं. दार उघडलं आणि आतून ऊब आली. रिकाम्या घरात ऊब कुठून येईल? स्वयंपाकघरात मंद दिवा होता, ओट्यावर एक कप पालथा घातलेला. ड्वेनने त्या कपाकडे पाहिलं नाही असं ठरवलं आणि सरळ तळघरात उतरला. गॅस बंद केला. हीटरची घरघर थांबली. पाणी सोडून द्यायला लागला.

आणि वर पावलं वाजली.

सपातांची. सावकाश. खोलीतून निघाली... स्वयंपाकघरापर्यंत आली... तळघराच्या जिन्याशी थांबली.

ड्वेनने टॉर्च विझवला.

"मार्टिन?" वरून आवाज आला. म्हातारा, बारीक. "आलास का, बाळा?"

पाइपातून पाणी ठिबकत होतं. ड्वेन अंधारात, हातात पाना धरून उभा. वर कुणीतरी बराच वेळ थांबलं. मग पावलं आली तशी परत गेली... सपक... सपक... आणि बंद झाली.

त्याने काम पुरं केलं. पुढच्या दाराला नवीन कुलूप घातलं, फोटो काढले, फोनवरच्या फॉर्मात लिहिलं, 'कुणी नाही. घर रिकामं आहे.' सूप गरम असताना घरी पोहोचला.

काय गं कॉलीन, अंगावर काटा आला? भूत होतं म्हणतेस?

नव्हतं. तीच तर गोष्ट आहे. ते भूत नव्हतं. ती पावलिकबाई होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, चांगली जिवंत. कमरेचं हाड मोडल्यापासून बाजूच्या दाराच्या पायरीपलीकडे जात नव्हती. फोन बिलापायी तुटलेला. भाचा मार्टिन पंधरवड्याने किराणा घेऊन यायचा आणि वाट झाडून जायचा. सव्वीस तारखेला तो आला तेव्हा ती पलंगावर सापडली. अंगावर तीन कोट, एकावर एक. हातांत मोजे. उशीशेजारी पालथा न घातलेला कप, त्यातला चहा बर्फ झालेला.

चौकशी झाली. साहेब आले, कागद पाहिले. पट्टी अखंड होती, फोटो होता, तारीख होती. सगळं नियमाप्रमाणे. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. ड्वेनने नोरीनला एक अक्षर सांगितलं नाही.

एकतीस जानेवारीला, शनिवारी, दोघं कर्बी स्ट्रीटवर राहायला गेली. सामान पोहोचवायला मी होतो. नोरीनने त्याच दिवशी जुने पडदे टांगले, कोबीचे रोल करून आम्हाला वाढले. तिला इतकं हसताना मी गिरणी बंद पडल्यापासून पाहिलं नव्हतं. ड्वेन मात्र जेवताना बाजूच्या दाराकडे पाठ करून बसला होता. छोटंसं घर, मागे झोपायची खोली, बोळ, आणि बोळातच ते दार. ओढलं की आपोआप कुलूप बसणारं. मालकाने हौसेने दाखवलं होतं, किल्ली विसरलात तर बाहेरच राहाल बरं का.

तीन फेब्रुवारी, मंगळवार. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ड्वेनला आठवतं, कारण जाग आली ती घड्याळाकडे बघूनच.

दार वाजलं.

बाजूचं.

ठक... ठक... ठक...

तो निपचित पडून राहिला. इतक्या रात्री कोण येईल? कोण येईल हे त्याला माहीत होतं. तीन कोट घातलेली बाई त्याला डोळे मिटूनही दिसत होती.

पुन्हा ठक... ठक...

शेजारी नोरीन होती. गोधडी डोक्यावरून ओढून, त्याच्याकडे पाठ करून. श्वास संथ चालला होता. त्याने हात लावून पाहिला. होती.

"नोरीन," तो कुजबुजला. "ऐकतेस का?"

ती हलली नाही.

"दार वाजतंय गं..."

गोधडीतून आवाज आला. नोरीनचाच. झोपेतला. शांत.

"कुणी नाही," ती म्हणाली. "घर रिकामं आहे."

ड्वेनने स्वतःची समजूत घातली. झोपेत बरळतेय. झोपेत माणूस काहीही बोलतं.

दार वाजतच होतं. आता जोरात. तळहाताने. बाहेरून काहीतरी बोलणंही येत होतं, पण वारा होता... शब्द लागत नव्हते. एकदा वाटलं, आपलंच नाव. त्याने उशी कानावर दाबली.

गोधडीतले पाय त्याच्या पायांना टेकले. गार. नोरीनचे पाय कायमच गार. तेवढाच त्याला धीर आला. त्याने ते पाय आपल्या पायांत घेतले.

अडीच वाजले.

थपथप थांबली. नुसतं खरवडणं... दाराच्या खालच्या बाजूला.

पावणेतीन.

मग तेही नाही...

काही नाही.

त्याला झोप लागली. विश्वास ठेवा, झोप लागली. सुटलो असं वाटून माणूस झोपतो तशी.

साडेसहाला जाग आली तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. नोरीनच्या बाजूची चादर ताठ होती. सुरकुती नाही, उशीला खळगा नाही. त्याने हाक मारली. बाथरूम उजवीकडे होतं, तिथे पाहिलं. स्वयंपाकघरात पाहिलं. तिच्या सपाता पलंगाखालीच होत्या.

नंतर मी त्या घरात जाऊन मोजलं. तुम्हीही मोजा हवं तर, घर अजून तिथेच आहे. पलंगापासून अकरा पावलं... मग डावीकडे.

ड्वेनने बाजूचं दार ओढलं. दार चिकटल्यासारखं झालं. जोर लावून ओढलं, चर्रकन आवाज आला, आणि दाराला टेकून बसलेली नोरीन आत, त्याच्या पायांवर पडली. नाइटगाऊनमध्ये. अनवाणी. बोटांची नखं गेलेली. दाराला खालून हातभर उंचीपर्यंत रंग राहिला नव्हता.

कॉलीन, रडू नको. का रडू नको म्हणतोय मी? रड.

शेरीफचा माणूस आला, मीही पोहोचलो होतो. तो पोरगा तुमच्याच वयाचा होता, घाबरलेला. दाराची चौकट बघत म्हणाला, "मिस्टर व्राबेल, बाई या दाराने बाहेर गेली नाही. कसं शक्य आहे?"

चौकटीवर, बाहेरच्या बाजूने, निळी चिकटपट्टी लोंबत होती. एक टोक चौकटीला, दुसरं ड्वेनने आत्ता दार ओढलं तेव्हा दारापासून सुटलेलं. तोपर्यंत ती अखंड होती, दाराच्या लाकडावर तिची चौकोनी कोरडी जागा दिसत होती, बाकी सगळीकडे दव गोठलेलं. म्हणजे रात्री दव पडायला लागलं त्याच्या आधीपासून ते दार उघडलेलंच नव्हतं.

पट्टीवर पेनाने लिहिलं होतं, तेरा जानेवारी, मंगळवार.

"अक्षर कुणाचं आहे हे?" पोऱ्याने विचारलं.

"माझं," ड्वेन म्हणाला.

मी वाकून पाहिलं. पट्टी नवी नव्हती. कुणीतरी चुरगळून टाकलेली, मग बोटांनी नीट सरळ केलेली, घडीन्‌घडी. आणि तिच्या एका कडेला कॉफीचा डाग होता.