पोटुशी लाकडाचा पलंग

यातला एक शब्द खोटा निघाला, तर हा पलंग तुमच्या घरी आणून टाकीन.

साल १९६३, चैत्र. नांदुऱ्याची आरागिरणी. भर दुपार.

आमचे उकंडमामा तिथं मिस्त्री. त्यांच्या कोकिळाचं लग्न आठ दिवसांवर, आणि तिला द्यायच्या पलंगाचं लाकूड अजून ओंडक्यातच. मी बैलगाडी घेऊन फळ्या न्यायला गेलो होतो.

आरेवाल्यांची बोली निराळी. आतून पोकळ ओंडका म्हणजे ‘पोटुशी’. ओला भुसा म्हणजे ‘खरवस’.

पोटुशीचा एक नियम होता. कुऱ्हाडीच्या पाठीनं तीनदा ठोकायचं. मग सगळ्यांनी बाहेर जाऊन चहा प्यायचा. आत साप, घोरपड... जे असेल, त्याला निघून जायला वेळ द्यायचा.

मामांनी निंबाच्या ओंडक्यावर तीनदा ठोकलं.

“चाला मिस्त्री, चहा घेऊ,” जोडीदार मोतीराम म्हणाला.

“तूच पे बे. माह्या पोरीचा पलंग राह्यला.”

“पण आत कोणी असन त?”

“भाडेकरू हाय काय, नोटीस द्याले?”

आरा सुरू झाला.

अन् आवाज बदलला... लाकडाचा राहिलाच नाही. पिकल्या पपईत सुरी जावी, तसा.

खरवस उडाला. पिवळसर. कोमट.

माझ्या ओठांवर बसला. मी सवयीनं जीभ फिरवली...

नासलेलं दूध आणि खोबरेल.

ओंडका उघडला. पोकळी रिकामी. फक्त एक वेणी चिकटलेली... ताजं तेल लावलेली. मधोमध चिरलेली.

मोतीराम ओकला. मामांनी फळ्या राखेनं घासल्या. “निंब हाय. कीड लागत नाही.”

लग्नानंतर नवव्या दिवशी कोकिळा पलंगासकट माहेरी. सासूचं म्हणणं, चादर रोज चिकट होते, केस निघतात. पलंग ठेवा, मगच सून पाठवा.

कोकिळा मला हळूच म्हणाली, “दादा, दुपारी पडलं का खालून कोणीतरी ठोकते. तीनदा. मंग थांबते.”

जाळायची मामांची छाती होईना. शेवटी मी ठेवून घेतला. फुकट होता. कोकिळा सुखानं नांदली.

आजही दुपारी जरा आडवा झालो की...

ठक. ठक. ठक.

मग शांतता.

मी मुकाट्यानं उठतो. ओट्यावर बसून चहा पितो. पलंगात जे कोणी आहे, ते नियम पाळतं. आमच्या मामांनी पाळला नव्हता.

पण आता माझे गुडघे गेलेत. उठायला वेळ लागतो.

काल मी जेमतेम उंबऱ्यापर्यंत पोचलो होतो...

मागे आरा सुरू झाला.