छत्तिसावा जिल्हा

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. वाद घालायचं त्राण माझ्यात आता उरलेलं नाही. ज्याच्याबरोबर घडली तो अकरा वर्षं माझ्यासोबत लिफ्ट दुरुस्त करतोय. थापा मारायचासुद्धा कंटाळा येईल, असा माणूस.

वार रविवार. दुपारचे सव्वातीन. जागा म्हणाल तर एक ओलं, नांगरलेलं शेत आणि मागे पाण्याची टाकी. भुताखेतांना शोभेल असं तिथे काहीच नाही.

त्याच्या ताईच्या यजमानांना, म्हणजे त्याच्या भाऊजींना, एक खूळ होतं. राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या सगळ्यात उंच जागी पायी जायचं. जिल्हे छत्तीस. डोंगर असला तर ठीक आहे हो, पण सपाट जिल्ह्यातली उंच जागा कधी कचरा डेपोच्या मागे निघते, कधी कोणाच्या तरी गोठ्यात. भाऊजी तिथेही जायचे. पोचले की खाली बसायचे, बुटांच्या नाड्या सैल करायचे, खाकरायचे आणि सोबत असेल त्याला म्हणायचे, "बस जरा."

पस्तीस झाले. छत्तिसाव्याला निघायच्या आदल्या आठवड्यात भाऊजी झोपेतच गेले.

दीड वर्ष झालं तरी ताईने भिंतीवरचा नकाशा काढला नाही. बूट दारातच. एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल, असं सांगून सांगून हा थकला. तिचं आपलं एकच. तेवढा एक जिल्हा तू करून ये, मग मी सगळं आवरते आणि येते.

आता याचे पाय म्हणजे काय सांगू. लिफ्ट बंद पडली की आम्हाला बोलावतात, त्यामुळे आठवडाभर जिने चढायचे ते आम्हीच. रविवारी तरी माणसाने आडवं पडावं. पण ताईसाठी हा गेला.

शेतात दोन उंचवटे होते. मध्ये दोनशे पावलं. नकाशात दोन्हींची उंची सारखीच. भाऊजींच्या वहीत अशा वेळेसाठी लिहून ठेवलं होतं, की दोन्हींवर उभं राहायचं, नळीतून बघायचं आणि जो उंच असेल त्याच्यावर जाऊन बसायचं. ही भाऊजींचीच नळी, वीतभर, पितळेची. आत पाण्याचा बुडबुडा. बुडबुडा रेघेवर धरला की समोरचं जे रेघेच्या वर दिसेल, ते आपल्या डोळ्यांपेक्षा उंच.

पहिल्यावरून बघितलं. दुसऱ्याचा माथा रेघेच्या वर.

म्हणजे दुसरा उंच. सुटलो एकदाचा, म्हणून तो चालत तिकडे गेला. वर उभा राहिला आणि सहज मागे वळून नळी लावली...

पहिल्याचा माथा रेघेच्या वर होता.

नळी बिघडली, म्हणून त्याने एक शिवी हासडली आणि परत गेला. मग पाण्याची अर्धी बाटली आडवी धरून बघितलं. तेच. तो जिथे उभा, ती जागा खाली. समोरची वर.

चार फेऱ्या झाल्या. चिखलाने बूट जड झालेले. पायांचे तुकडे पडायला आले. पाचव्या फेरीला त्याच्या लक्षात आलं...

मघापासून रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते. आता काहीच ऐकू येत नव्हतं.

मग मागे कोणीतरी खाकरलं.

तो वळला. कोणी नाही.

मातीत ठसे मात्र होते. त्याचे स्वतःचे, आलेले आणि गेलेले. आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन... नुसते उभे. कुठून आलेले नाहीत, कुठे गेलेले नाहीत. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली.

ती टाच त्याने ताईच्या दारात पंधरा वर्षं बघितली होती.

"बस जरा."

अगदी कानाशी. तो म्हणतो, घाबरलो नाही रे, नुसता थकवा आला, जन्माचा. तो मटकन खाली बसला. किती वेळ बसला ठाऊक नाही. उठला तेव्हा ट्रक पुन्हा वाजत होते आणि ऊन उतरलं होतं.

तिथून तो थेट ताईकडे गेला. झालं म्हणाला. नकाशावर टाचणी लावली. ताईने विचारलं, कोणता उंच निघाला? पहिला, असं त्याने ठोकून दिलं.

ताईने दाराकडे बोट दाखवलं.

दीड वर्ष कोणी न घातलेले भाऊजींचे बूट... तळव्यांना ओली माती होती.

"दर रविवारी संध्याकाळी असेच असतात," ताई म्हणाली. "मी धुऊन ठेवते. एकट्याला जमत नाहीये रे त्यांना. समोर कोणीतरी उभं असावं लागतं. म्हणून तुला पाठवलं."

सकाळी टाचणी खाली पडलेली होती.

तेव्हापासून हा दर रविवारी जातो. मी त्याला म्हटलं, पुरे कर, मरशील अशाने. तर म्हणाला, "मी नाही गेलो तर ती जाईल."

गेल्या महिन्यात त्याला ताप होता. एक रविवार चुकला. सोमवारी सकाळी तसाच उठून तो ताईकडे गेला. घंटी वाजवून वाजवून हात दुखला, तेव्हा कुठे दार उघडलं. ताईचे डोळे झोपेने सुजलेले.

दारात भाऊजींचे बूट होते, चिखलाने भरलेले. आणि त्यांच्या शेजारी ताईच्या चपला... तशाच.

काल कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं. कुठेच नाही, ती म्हणाली, दिवसभर झोपून होते, पाय तेवढे फार दुखतायत. असं म्हणत ती उंबऱ्यातच खाली बसली आणि खाकरली.

"बस जरा."

त्यानंतर त्याने एकही रविवार चुकवलेला नाही. नकाशा अजून भिंतीवर आहे. परवा मोटर उघडून बसलो होतो, तेव्हा मान वर न करता त्याने मला विचारलं, या रविवारी माझ्याऐवजी जाशील का?